‘बरं आहे’ म्हणायचं नाही

शेवटच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बायकोनं मला विचारलं, "काय लागलं?" आणि मी म्हणालो, "बरं आहे."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

सगळं रोजच्यासारखंच होतं. सहाला तिनं पिंपाला धुरी दिली, मग त्यात मठ्ठा ओतला. मी हातगाडी ढकलत नेली आणि बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर लिंबाखाली लावली. गिऱ्हाईक यायच्या आधी तिनं तोटीतून पितळेच्या लहान पेल्यात चार घोट काढले. दोन तिचे, दोन माझे. पहिले तिनं घेतले, डोळे मिटून, मान जरा मागं टाकून. मग पेला माझ्यापुढं धरला. मी गाडीच्या चाकात गुंतलेली सुतळी काढत होतो. घाम डोळ्यांत जात होता. वाकल्या वाकल्याच पेला तोंडाला लावला, गिळलं आणि परत दिला.

"काय लागलं?"

"बरं आहे."

एरवी माझी खरडपट्टी निघाली असती. हे दोन शब्द आमच्या घरात बंद होते. काहून बंद होते ते पुढं सांगतो. पण त्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "आज तुमाले सुटी हाये वाटते," आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

दुपारी एकच्या सुमारास ती स्टुलावर बसली. "जरा टेकते," म्हणाली. टेकली ती टेकलीच. दवाखान्यात नेलं, तिथं नाही म्हणाले. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

माणूस मेलं की लोक त्याला देव करतात. ती देवी-बिवी काही नव्हती. तापट होती, हेकट होती, कोणाचं ऐकायची नाही. आणि तिचं नाक हे एक दुखणं होतं. तिचं नाही, दुसऱ्यांचं.

दूधवाला दारात आला की ती आधी कॅनमध्ये नाक घालायची, मग मापाला हात लावू द्यायची.

"तुह्या म्हशीनं कांदा खाल्ला काल."

"नाही काकू, ढेपीवर हाये ते."

"मंग तू खाल्ला, अन् दुधात हात घातला."

दूधवाला हात पाठीमागं न्यायचा. म्हणजे खाल्लेला असायचा.

घरात शिरलेल्या माणसाच्या अंगावरून ती सांगायची की हा एसटीनं आला की काळीपिवळीनं. पावसाळ्यात घरात वाळलेले कपडे ती परत धुवायची. एकदा मी नवीन शर्ट आणला तर म्हणे, दुकानदाराच्या घरी मांजर आहे. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. मांजर होतं, गठ्ठ्यावरच निजलं होतं. तिला मी सांगितलं नाही. उगाच अजून चढली असती.

गाडीवर तिचे कायदे होते. बर्फ नाही. बडनेऱ्याच्या उन्हात, डांबर चपलेला चिकटतं तिथं, बर्फाशिवाय मठ्ठा विकणारी ती एकटीच. पिंपाला ओलं पोतं गुंडाळलेलं असायचं, तेवढीच थंडाई. कोणी म्हटलं, "मावशी, बर्फ टाका ना," तर उत्तर ठरलेलं. "बर्फ खायचा असन तर गोळेवाल्याकडे जाय. बर्फानं जीभ बधिर होते. मंग तुले मी काय पाजलं ते तुले काय समजन?"

दुसरा कायदा खर्ऱ्याचा. आमच्याकडं दर दुसऱ्या माणसाच्या गालात खर्रा. तसा माणूस गाडीपुढं आला की ती पेला उचलायचीच नाही.

"पहिले चूळ भर. अन् एक मालगाडी जाऊ दे."

"मावशी, गाडी हाये माही!"

"मंग गाडीत चहा पे. तुह्या तंबाखूले मठ्ठा पाजाले नाही बसली मी."

एक मालगाडी जाऊ दे, हे तिचं माप होतं. चूळ भरल्यावर तोंड मोकळं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा. घड्याळ तिला वाचता यायचं नाही. पण मालगाड्या बडनेऱ्याला कमी नाहीत. माणसं चूळ भरून लिंबाखाली उभी राहायची, डबे मोजत. हसायची, पण थांबायची.

आणि तिसरा कायदा, प्यायल्यावर काय लागलं ते सांगायचं. "मस्त" म्हटलं की हात जोडायची. "बरं आहे" म्हटलं की तोंड फिरवायची. "बरं तर पानी बी लागते," म्हणायची, "त्याच्यासाठी मी सकाळपासून धुरात डोये फोडले का?" एकदा एक तिकीट तपासणारा साहेब आला. त्यानं दोन घोट घेतले. मग म्हणाला, "काकू, लहानपणी आजोळी गोठ्याजवळ निजायचो. पहाटे मामी चूल पेटवायची, तो धूर गोठ्यात यायचा, अन् वासरू जवळ असायचं. तसं लागलं." तिनं न विचारता त्याचा पेला पुन्हा भरला. आठ दिवस घरात तेच. "याले म्हनते सांगनं. नाही तर तुमी."

नाही तर मी. माझं खरंच काही चालायचं नाही. आयुष्यातली पंधरा वर्षं परतवाड्याला आरा मशीनवर गेली. सागाचा भुसा नाकात, कानात, भाकरीत. दोन बोटं आऱ्यानं नेली आणि नाक भुशानं. मला आंबट, खारट, तिखट एवढं समजतं, बाकी सगळं एकच. ती म्हणायची, "तुमचं नाक निस्तं चष्म्यापुरतं हाये." मी बदमाशीही करून पाहिली. काल तिनं जे सांगितलं ते आज आपलं म्हणून सांगायचं. "पहिले जिरं लागलं, मंग धूर." तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे कालचं हाये. आज मी ओवा टाकला." त्यानंतर बदमाशी बंद.

हे नाक तिला कुठून आलं, तर बापाकडून. म्हणजे बापामुळं. मेळघाटाच्या पायथ्याचं तिचं गाव. बाप मोहाची प्यायचा. संध्याकाळी घरी येऊन पडला की आई हिला म्हणायची, "जाय वं, तोंडाचा वास घेऊन ये." सहा-सात वर्षांची पोरगी बापाच्या तोंडाशी वाकायची आणि येऊन सांगायची, आज नाल्यावरची आहे, आज टेकडीमागची आहे. दर भट्टीचा वास वेगळा. मग आई त्या भट्टीवाल्याच्या दारात जाऊन भांडायची. दुसऱ्या पोरी शाळेत गेल्या, ती ह्या शाळेत शिकली. एका सकाळी आईनं वास घ्यायला पाठवलं तर बापाच्या तोंडाला वासच नव्हता. तिनं येऊन तसं सांगितलं. श्वासच नाही हे तिला समजलं नव्हतं. हे तिनं मला लग्नानंतर किती तरी वर्षांनी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. त्यानंतर मी घरात कधी बाटली आणली नाही.

पिंपाची गोष्ट आरा मशीनची. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. तरुणपणी त्यांनी पिंपं बांधायचं काम केलं होतं. ते काम सोपं नाही. फळ्या अशा घासायच्या की एकमेकींना अंगाला अंग लावून बसल्या पाहिजेत, खिळा नाही, सरस नाही. मग मधोमध विस्तव पेटवून त्या शेकत शेकत वाकवायच्या, वरून लोखंडी कड्या ठोकायच्या. चाचांनी हौसेनं एक बांधून ठेवलं होतं, त्यात पिण्याचं पाणी भरायचे. ही माझा डबा घेऊन आली आणि त्यातलं पाणी प्यायली.

"चाचा, ह्या पान्यात धूर हाये."

चाचा हातातला रंधा खाली ठेवून हसायला लागले. "बहू, ये पीपा बनाके दस बरस हुए. तेरी नाक है के सुई?"

तिनं तिथंच ठरवलं की आपला मठ्ठा ह्यात ठेवायचा. घरी ती मठ्ठ्याला धुरी द्यायचीच, निखाऱ्यावर तूप-जिरं टाकून, वर मडकं पालथं घालून. पण मडक्यात धूर दुपारपर्यंत उडून जातो. चाचांनी तिच्यासाठी सागाच्या तुकड्यांचं एक पिंप बांधून दिलं. कमरेइतकं, वरून उघडं, झाकणाचं, खाली लाकडी तोटी. देताना तिला समोर बसवून एकच गोष्ट सांगितली.

"इसकू सूखने नै देना. खाली रखना है तो पानी भर के खाली रखना."

पिंप कोरडं पडलं की फळ्या आकसतात. आकसल्या की फटी पडतात. आमच्या वैशाखात त्याला दोन दिवसही पुरतात. आणि ओल्या लाकडालाच धूर धरतो, कोरड्याला धरत नाही. ती रोज सकाळी ओलं पिंप बोरीच्या निखाऱ्यावर पालथं घालायची. बोरच लागायची. पऱ्हाटीला, कपाशीच्या काड्यांना, ती हात लावायची नाही. म्हणायची, तिले फवारा मारेल असते, मले लोकाइले औषध पाजायचं नाही. गाडी बंद असली, पावसाळा असला, हिवाळा असला, तरी पिंपात पाणी. वीस-बावीस वर्षं. एकदाच चुकलं, ते माझ्यानं.

माझी धाकटी बहीण पातूरला दिलेली आहे. तिच्या पोराचं लग्न होतं, भर उन्हाळ्यात. आम्ही चार दिवसांसाठी निघालो. एसटीत बसल्यावर हिनं विचारलं, "पिंप?"

मी म्हणालो, "बरं आहे."

मी त्यात दोन बादल्या टाकल्या होत्या. काठोकाठ भरायचं होतं. पण घाई होती, नळ गेला होता, आणि 'बरं आहे' म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. ह्या शब्दाचा गुण हाच आहे.

पातूरला तिनं माझी शोभा केली. पंगत बसलेली, व्याही वाढायला उभे, आणि हिनं भजं नाकाशी नेलं आणि चारचौघांत म्हणाली, "तेल तिसऱ्या घाण्याचं हाये. अन् तुरीचं वरन अल्मिनमच्या गंजात ऊन केलं." माझी बहीण लालबुंद.

"वहिनी, पुढच्या खेपेस नाक घरी खुंटीले टांगून येजो!"

"मंग जेवू कायनं? तोंड तर निस्तं चावाले असते."

दोघी नणंद-भावजया त्यानंतर दोन वर्षं नीट बोलल्या नाहीत.

घरी परत आलो. तिनं पिंपाचं झाकण काढलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मी जवळ गेलो. फळ्यांच्या फटींतून अंगण दिसत होतं. एक कडी आपोआप घसरून खाली पडली होती.

तिनं डोकं बाहेर काढलं. "बरं आहे?" म्हणाली. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर चाललं असतं.

दोन दिवस आम्ही त्याला ओली पोती गुंडाळून बसलो. मी बादलीनं पाणी ओतायचो, ते खालून निघून जायचं. परत ओतायचो. चाचा तोवर वारले होते, विचारणार कोणाला? पहिल्या दिवशी पाणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धार बारीक झाली, मग थेंब, मग थेंबही लांब लांब. तिसऱ्या सकाळी तिनं खाली हात फिरवला. हात कोरडा निघाला. तेव्हा ती माझ्याशी बोलली.

"आजपासून ह्या घरात 'बरं आहे' म्हनायचं नाही. जे हाये ते सांगायचं. भरलं तर भरलं म्हना, नाही तर नाही म्हना. आंबट तर आंबट म्हना."

तो कायदा आधी माझ्यासाठी झाला. गिऱ्हाइकांना नंतर लागला.

आता बिअरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय तिचं चित्र पुरं होत नाही.

तिचा भाचा, भावाचा मुलगा, पुण्याकडं आहे. एक लहानसा कारखाना आहे, तिथं बिअर करतात. तिशीचा आहे, लग्न झालेलं, चांगला शिकलेला. मागच्या वर्षी होळी झाल्यावर तो आला. पिशवीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. ती विळीवर कोथिंबीर चिरत होती.

"आत्या, रागावणार नसशीन तर एक गोष्ट आनली."

"काय हाये?"

"बिअर हाये. पन धुराची. लाकडी पिंपातून काढेल."

विळी थांबली. मला वाटलं, आता बाटली आणि भाचा दोन्ही अंगणात.

"तुहा आजा कसा मेला मालूम हाये ना तुले?"

"हाये."

"मंग?"

"मंग दुसरं कोन सांगन मले? धूर चांगला येते, पन मांगून कुठून तरी कडू येते. कोनालेच समजत नाही. तिकडं ज्याले पाजलं तो म्हनते, छान आहे."

"छान आहे?" ती म्हणाली.

विळी बाजूला सरकली. मला समजलं, पोरानं बरोबर जागी हात घातला. छान आहे म्हणजे पुण्याचं बरं आहे.

तिनं त्याला सगळं विचारून घेतलं. तो सांगत गेला. जव भिजवायचे, मोड आणायचे, ते लाकडाच्या धुरावर वाळवायचे. मग भरडून गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवायचा, गाळून उकळायचं, आंबवायचं आणि पिंपात निजवायचं. ती मान हलवत होती. एखाद्या सुगरणीनं दुसरीची कृती ऐकावी तशी.

"बर्फ टाकतात का त्यात?"

"नाही आत्या. ह्याले जास्त थंड करत नाही. थंडीनं चव मरते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "पाहा जी. माह्या माहेरचं पोट्टं हाये."

मग तिनं दार लोटलं. शेजारणी काय म्हणतील म्हणून नाही. तिला कोणी मध्ये बोललेलं नको होतं. चूळ भरली. हात राखेनं धुतले, कोथिंबिरीचा वास जायला. पितळेचा पेला घेतला आणि आम्ही तिघं वाट पाहत बसलो. चारचा सुमार होता. आमचं घर रुळाला लागूनच आहे, तरी मालगाडी यायला वेळ लागला. आली, गेली, शेवटचा डबा लांब गेला, तेव्हा ती म्हणाली, "ओत."

रंग गुळाच्या पाण्यासारखा, काळपट तांबडा. वर थोडा फेस. तिनं पेला नाकाशी नेला. पेला ओठाला लावला, मागं घेतला. परत लावला. चमचाभर घेतलं असेल. डोळे मिटले.

"पहिले पाव," ती म्हणाली. "जास्त भाजेल पाव, कडेचा. मंग काकवी. मंग धूर. धूर आंब्याचा हाये."

भाचा उडालाच. "आंब्याचंच लाकूड हाये!"

"थांब. झालं नाही माहं." दुसरा घोट. ह्या वेळी बराच वेळ तोंडात ठेवला. "धूर साफ हाये. तुहं कडू धुरात नाही. कडू लाकडात हाये. तुहं पिंप कोरडं पडलं होतं."

"नाही आत्या, पिंप तर चांगलं..."

"पडलं होतं. फळीले भेग गेली, भेगीत जुनं आंबलं अन् तठीच बसलं. आता वरून कितीबी धू. जाय, इचार."

त्यानं तिथूनच फोन लावला. हिंदीत काहीतरी विचारलं, ऐकत राहिला, फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. मी तिथं कामाला लागायच्या आधी पिंप आठ दिवस रिकामं पडलं होतं म्हनते, तो म्हणाला.

ती विळीकडे परतसुद्धा गेली होती. "रिकामं ठेवायचं तर पान्यानं भरून रिकामं ठेवायचं," ती म्हणाली. "अन् पुढच्या खेपेस बोरीचं लाकूड लाव. आंब्याचा धूर गोड असते, जव त्यानं लाडावते." मग मला, "तुमाले काय लागलं?"

बाटलीत उरलं होतं ते मी घेतलं होतं. मी पुष्कळ विचार केला. तो शब्द बंद होता.

"कडू," मी म्हणालो.

"कुठी?"

"तोंडात."

भाचा हसून हसून आडवा झाला. तीही हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तो गेल्यावर ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "मले वाटलं, बापाचा वास येईन. इतके वर्स भेत होती त्या वासाले. नाही आला. हे निस्तं जव होतं अन् धूर." थोड्या वेळानं परत म्हणाली, "नाही आला जी." बोलायला पाहिजे होतं काही तरी. पण मला बोलता येत नाही, तिच्यासारखं तर नाहीच.

तर ही अशी बाई. तिनं रोज सकाळी विचारलं, "काय लागलं?" आणि मी रोज धडपडत का होईना काही तरी खरं सांगितलं. आंबट म्हणालो, खारट म्हणालो, काही समजलं नाही म्हणालो. ते चालायचं तिला. शेवटच्या दिवशी मात्र सुतळीसाठी मी तिला बरं आहे म्हणालो, आणि तिनं मला सुटी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. पातूरची बहीण आदल्या संध्याकाळीच आली होती. आमच्याकडं माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. तिनं आणि शेजारणींनी माठ, कळश्या, बादल्या सगळं रिकामं केलं होतं. हातगाडी रात्री स्टेशनाजवळच्या केळीवाल्याच्या दारात राहिली होती. सकाळी त्यानं ती ढकलत आणली आणि अंगणात लावली. पिंप तिच्यावरच होतं. पोतं वाळून कडक झालं होतं.

बहीण पुढं झाली. "दादा, हे राह्यलं. हे बी ओतून टाकतो अन् उन्हात पालथं घालतो."

"हात नको लावू त्याले."

"सुतकातलं हाये दादा. आता कोन पेनार हाये ते?"

"मी पेनार हाये."

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल. बहिणीनं माझा दंड धरला. "दादा, घरात चाल. काही तरी खाऊन घे."

मी दंड सोडवून घेतला. मोरीवर गेलो. चूळ भरली, तीनदा. गाडीजवळ आलो, तिच्या खणातून पितळेचा पेला काढला, हातानं पुसला आणि उभा राहिलो.

"आता काय पाहून राह्यला?" बहीण म्हणाली.

"मालगाडी जाऊ दे."

उन्हं अंगणात आली होती. एक पॅसेंजर गेली, ती मी मापात धरली नाही. मग मालगाडी आली. कोळशाची होती, लांबच लांब. शेवटचा डबा जाईपर्यंत मी थांबलो. मग तोटी खोलली आणि दोन घोट काढले.

पहिला घोट तोंडात ठेवला. डोळे मिटले, मान मागं टाकली. हे मी कधी केलं नव्हतं. मला लाज वाटायची. गिळलं. मग दुसरा.

"आंबट झालं," मी मोठ्यानं म्हणालो. "भल्लं आंबट. मीठ वर आलं. जिरं मेलं." मी थांबलो. गिळल्यावर नाकात काही तरी मागून परत आलं होतं. खरंच आलं की इतकी वर्षं ऐकून ऐकून आल्यासारखं झालं, मला आजही सांगता येणार नाही. पण आलं. "धूर हाये. पहिले लागत नाही, मांगून येते. बोरीचा हाये."

बहीण जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "दादा, कोनाशी बोलून राह्यला?"

"तिनं इचारलं होतं काल. सांगाचं राहून गेलं होतं."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. मग वळली आणि मोरीतली रिकामी बादली उचलून नळाखाली लावली. मी काही सांगितलं नव्हतं.

पिंपातलं उरलेलं मी पेरूच्या बुडाशी ओतलं. पिंप आतून हातानं धुतलं. पोतं भिजवून परत गुंडाळलं. बहीण बादली आणून द्यायची, मी ओतायचो. दोन बादल्यांवर थांबलो नाही. पाणी काठाला आलं तेव्हा झाकण लावलं, खाली वाकलो, आणि तीन बोटांचा हात बुडाखालून, फळीफळीवरून फिरवला.

हात कोरडा निघाला.

"भरलं," मी म्हणालो.